टोपीवाल्याची गल्ली

माझा थोरला भाऊ दत्तप्रसाद बुधवार पेठेतल्या शालेय पुस्तकांच्या एका दुकानात जन्मभर उभा राहिला. उभा म्हणजे खरोखर उभा, कारण बसलेला नोकर गिऱ्हाइकाला आळशी दिसतो असं मालकांचं मत होतं आणि ते मत मालक गादीवर बसून मांडत. संध्याकाळी दादाचे पाय सुजायचे. त्याने लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं की तो "योग नव्हता" म्हणायचा. पुण्यात एवढं उत्तर पुरतं, कारण विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, विचारल्याचं समाधान हवं असतं. माझे यजमान गेल्यावर मी बिबवेवाडीत त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. नातेवाईक म्हणाले, चला मंदाकिनी, दोघांचीही सोय झाली.

मी महापालिकेच्या शाळेत शिकवायची. दादा कसा आहे हे मला फार उशिरा कळलं असं कोणी समजू नये. एका ताटात जेवून वाढलेल्या बहिणीला कळतंच. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं, इतकंच. आमच्या घरात बोलणं फक्त दूध, वीजबिल आणि इतरांच्या मुलांचे मार्क यांवर व्हायचं.

नव्वदीनंतर देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून यायचं. त्या दारांतून पुण्यात केबल आली, रंगीत शीतपेयं आली आणि परदेशातली रद्दीसुद्धा आली. कंटेनर भरभरून जुनी इंग्रजी पुस्तकं यायची आणि दादाच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर वजनावर विकली जायची. दादा त्यातलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिली काही पानं गेलेली. त्यामुळे त्याचं नाव काय आणि लिहिणारा कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तो ते उशीखाली ठेवायचा. आमच्या घरात उशीखाली पुस्तक ठेवलं तर ते कशाबद्दल असणार, हे सांगायला मला चष्मा लागत नव्हता.

त्याच सुमाराला रामदास आला. हडपसरच्या पलीकडे त्याचं गाव. ते नुकतंच शहराच्या हद्दीत आलं होतं आणि तिथल्या लोकांना अजून त्याची सवय नव्हती. रामदास मेथी, पालक, कोथिंबीर लावायचा आणि पहाटे मार्केट यार्डात आणून विकायचा. रंगाने काळा, दणकट, चाळिशीचा गडी. मुलगा सार्थक इंग्रजी शाळेत घातलेला, म्हणून त्याची पुस्तकं घ्यायला दुकानात आला होता. तिथे दादाला म्हणाला, "मास्तर, ह्यात काय लिवलंय ते जरा सांगा. पोरगं इचारतंय आन् मी नुसता हां हां करतोय." दादा मास्तर नव्हता, पण त्याने उभ्याउभ्या पहिले दोन धडे समजावून सांगितले. मालकांनी दोनदा खोकून दाखवलं, तरी सांगितले. पुढच्या शनिवारी संध्याकाळी रामदास पत्ता विचारत आमच्या दारात पालेभाजीची एवढी मोठी गाठोडी घेऊन उभा. शनिवारी मार्केट यार्ड बंद असतं.

मग तो दर शनिवारी यायला लागला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्याला ते पुस्तक दिसलं. "ह्याचं कातडं कुनी सोललं?" म्हणाला, आणि आत काय आहे विचारलं. मी आत भाकरी थापत होते. मला वाटलं आता दादा विषय बदलणार. पण तो म्हणाला, "ह्यात एक गल्ली आहे. समुद्राकाठच्या गावात, चढावर. तिथे पुरुष पुरुषांबरोबर संसार करून राहतात. बायका बायकांबरोबर."

माझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"आन् गाव काय करतं?" रामदासने विचारलं.

"गावाने आधी बोंब मारली. आता गप्प आहे."

"वाचा," रामदास म्हणाला.

अशी ती पोथी सुरू झाली. पोथी मी थट्टेने म्हणत नाही, रामदास तसंच ऐकायचा. गावच्या देवळात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो आणि अर्थ सांगतो, बाकीचे मांडी घालून ऐकतात, हीच त्याला ठाऊक असलेली वाचनाची रीत. दादा एक उतारा मनाशी इंग्रजीत वाचायचा आणि मग मराठीत सांगायचा. रामदास हात जोडून बसायचा, आणि उठताना गूळ-शेंगदाणे वाटायचा. मलाही आत आणून द्यायचा. परदेशी नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचं त्याने बारसं केलं. टोप्या शिवणारा तो टोपीवाला, त्याचा जोडीदार बोटीवर कामाला, तो बोटवाला. धोबीकाम करणारे दोघे भट्टीवाले. सायकलींच्या दुकानातल्या दोघी त्या सायकलवाल्या बाया. एक म्हातारा जहाजावरचा खानसामा होता, तो रविवारी अख्ख्या गल्लीला जेवायला घालायचा. कोणाच्या घराची किल्ली कोणाकडेही असायची. एखादा आजारी पडला की बाकीचे पाळ्या लावून त्याच्याजवळ बसायचे.

"ही तर भावकीच झाली," रामदास एकदा म्हणाला.

मी आतूनच म्हटलं, "भावकी कसली? भावकी असती तर सगळे कोर्टात असते."

तो खो खो हसला. त्याचं स्वतःच्या धाकट्या भावाशी बांधावरून वाजलेलं होतं. मग थोड्या वेळाने दादाला हळूच म्हणाला, "मास्तर, खरंच आसंल का वो आसं कुटं?" दादा म्हणाला, "असेल." तो ज्या आवाजात म्हणाला तो मी तोवर ऐकला नव्हता. माझा भाऊ सुखी होता. पन्नाशीला आलेला माणूस, सुजलेल्या पायांनी दुकानातून घरी येताना जिन्यात शीळ घालत होता. शनिवारी मी मुद्दाम भाजी आणायला म्हणून बाहेर पडायची आणि दोन तास बिबवेवाडीत भटकायची. भाजी तर घरात गाठोडंभर आलेली असायची. तिघांपैकी कोणीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

पुस्तक जाड होतं आणि शनिवार एकच, त्यामुळे ते वर्षानुवर्षं पुरलं. शेवटाकडे त्यात आजार आला. आधी भट्टीवाल्यांपैकी एक गेला. मग सायकलवाल्या बायांचा भाडेकरू, मग खानसामा. दादाचा आवाज बसायला लागला. बोटवाला गेला त्या दिवशी दादाने पुस्तक मिटलं, तर रामदासने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, हितं बांधू नका. आमच्याकडं मानूस मेल्या जागी पोथी बांधत न्हाईत. कुनीतरी उठून बसलं, कुनाचं तरी बरं झालं, की मग बांधायची. न्हाई तर घराला लागतं."

दादाने पुढे वाचलं. पुढे कोणीच उठून बसत नव्हतं. हे मला माहीत आहे, कारण मी ते पुस्तक नंतर दादा दुकानात असताना मुळापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटी टोपीवाला एकटा उरतो, गल्लीतली घरं एकेक करून विकली जातात आणि पुस्तक संपतं. पण त्या शनिवारी मी आतून ऐकत होते आणि दादा सांगत होता की टोपीवाल्याला नवा शेजारी मिळाला. पुढच्या शनिवारी त्याने सांगितलं की खानसाम्याची भांडी त्या शेजाऱ्याने घासूनपुसून काढली आणि रविवारची जेवणं पुन्हा सुरू झाली. दादा रचत होता. आयुष्यात दोन ओळी कधी न लिहिलेला माझा भाऊ दर शनिवारी एक अध्याय रचत होता, का तर रामदासच्या घराला काही लागू नये.

मी एकदा विचारलं, "पुस्तक संपून वर्ष झालं. तू वाचतोस काय?"

"त्याला बांधवत नाही ना," तो म्हणाला. "मलाही नाही."

ह्या रचलेल्या अध्यायांतला एक रामदासचा फार आवडता होता. टोपीवाल्याचा सख्खा भाऊ, ज्याने त्याचं नाव टाकलं होतं, तो एक दिवस गल्लीत येतो. आधी भांडतो, शिव्या देतो, दगड मारून दुकानाची काच फोडतो आणि निघून जातो. सगळे म्हणतात, झालं, संपलं. टोपीवाला म्हणतो, येईल. आणि तो येतो. काखेत नवी काच घेऊन येतो, गुपचूप बसवतो, आणि मग टोपीवाल्याच्या पंगतीला जेवायला बसतो. रामदास हा अध्याय पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. काच बसवायच्या जागी तर तो डोळे मिटून घ्यायचा.

तोवर त्याच्या गावाकडे आयटीच्या इमारती उठायला लागल्या होत्या. ज्या शेतात तो मेथी लावायचा त्याच्यावर बिल्डरांची नजर गेली. जमीन गेली. सार्थक इंजिनिअर होऊन अशाच एका कंपनीत लागला, गळ्यात पट्टा लावून फिरू लागला. रामदासला बिल्डरकडून फ्लॅट मिळणार होते, आणि त्याने काय करावं? एकाच मजल्यावरचे, दार समोर दार येईल असे दोन मागून घेतले.

"एका दारात मी, मुक्ता न् पोरगं," तो आमच्या खाटेवर बसून सांगत होता. "दुसऱ्यात मास्तर आन् ताई. गल्ली न्हाई जमली, पर जिना तरी आपला."

मुक्ता त्याची बायको. तिला त्याने सगळं सांगितलेलं होतं. ती काय म्हणाली, विचारलं, तर म्हणाला, "काय म्हननार? रडली. मग म्हनली, मला टाकू नका म्हंजे झालं." तो पुढे म्हणाला, की येत्या पाडव्याला नव्या फ्लॅटमध्ये भावकी जेवायला येणार आहे, तेव्हा तो सगळ्यांसमोर सांगणार. "आधी भांडतील. मग येतील."

मी दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे पाहत होता.

रामदास गेल्यावर मी त्याला धरलंच. "सांग त्याला. तो भाऊ, ती काच, ते जेवण, सगळं तुझ्या डोक्यातलं आहे. पुस्तकात कोणी आलं नाही, हे सांग त्याला. तुझ्या गोष्टीवर विसंबून तो माणूस आपलं घर पेटवायला निघालाय."

"सांगतो," दादा म्हणाला. "पुढच्या शनिवारी."

पाडव्याला अजून बरेच शनिवार होते. दादाने एकाही शनिवारी सांगितलं नाही. एकदा मीच बाहेर येऊन म्हटलं, "रामदास, पुस्तकातलं पुस्तकात राहू द्यावं. बाहेर तसं होत नाही." तो हसला. म्हणाला, "ताई, छापल्यालं खोटं कसं आसंल?" दादा समोर बसला होता. तोंड उघडायला त्याला एवढी संधी पुरे होती. त्याने तोंड उघडलं ते तो काचेचा अध्याय पुन्हा एकदा सांगायला. त्याला भीती होती, की खरं सांगितलं तर रामदास यायचा थांबेल. आणि त्याला ते समोरचं दार हवं होतं. मला हे कळतं. तरी मला त्याचा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

पाडव्यानंतरच्या शनिवारी रामदास आला नाही. मार्केट यार्डातला गेनबा हमाल, जो रामदासच्या गावचाच, त्याच्याकडून दादाने काय झालं ते काढलं. जेवणं चालू असताना रामदास उभा राहिला आणि म्हणाला, "बुधवारातले मास्तर माझं मानूस हायती. समोरचं दार त्यांचं. मुक्ताला ठावं हाय, आता तुमालाबी ठावं." धाकट्या भावाने ताट लाथाडलं. सार्थक म्हणाला, "पप्पा, प्लीज, सीन नका करू." कोणीतरी रामदासच्या कानाखाली मारली. तो हसत होता म्हणे. दोन दिवसांनी भाऊ आणि मुलगा त्याला गाडीत घालून शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून आले. रामदासने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण अशा माणसाला कुठे ठेवायचं, त्याची वेगळी पाटी कुठेच नव्हती, म्हणून ह्या पाटीखाली ठेवलं.

दादाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. चपला घातल्या. मग खुर्चीत बसला. मी पदर खोचून तयार उभी होते. म्हटलं, "ऊठ, मी येते बरोबर."

"मी कोण म्हणून जाऊ?" तो म्हणाला. "विचारतील ना, कोण आपण?"

"मित्र म्हण."

"मित्र म्हटलं की त्यांना कळेल."

"अरे, त्याने सगळ्यांसमोर सांगितलंय! कळायचं काय राहिलंय?"

तो बसूनच राहिला. दुपारी त्याने चपला काढल्या. तो भित्रा होता. नोकरी जाईल, सोसायटीत बोलतील, पोलिसात देतील, एकेक कारण तो मला सांगत होता आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

काही महिन्यांनी रामदासला घरी आणलं. गेनबा म्हणाला, बारीक झालाय, बोलत नाही, खिडकीशी बसून असतो. कोणी हटकलं तर "येईल" म्हणतो. घरच्यांना वाटायचं, धाकट्या भावाची वाट बघतोय. भाऊ काही आला नाही, त्याला स्वतःच्या वाट्याची जमीन विकायची घाई होती. समोरचा फ्लॅट आयटीतल्या मुलांना भाड्याने दिला. आमच्या बिबवेवाडीतून तिकडे जायला एक बस बदलावी लागते. दादा सगळं ऐकायचा, गेनबाला चहा पाजायचा आणि दुकानात उभं राहायला जायचा. मी भांडले, अबोला धरला, एकदा तर त्याच्या ताटात वाढलंच नाही. तो स्वतःच्या हाताने घेऊन जेवला.

रामदास गेला ते पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात. त्याने खाणं जवळजवळ सोडलंच होतं, म्हणाले. गेनबाने दुकानात येऊन सांगितलं. दादा तिथेच स्टुलावर बसला. मालक काही बोलले नाहीत.

मग दादा निघाला. आता निघाला. दहावं झाल्यावर, उन्हात, मला घेऊन. बिल्डिंग अजून नवीच दिसत होती. मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एका दाराबाहेर पोरांचे ढीगभर बूट. दुसऱ्या दाराची बेल मी वाजवली, कारण दादाला हात उचलवेना. मुक्ता बाहेर आली. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. तिने त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. दार मागे ओढून घेतलं आणि आमच्यासमोर जिन्यातच उभी राहिली.

"आत पोरगं हाय," ती म्हणाली. "हितंच बोला."

दादाने हात जोडले. मी त्याला तसं रडताना आमच्या आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "वहिनी, माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी त्याला खोटं सांगितलं. तो भाऊ परत येतो, काच बसवतो, ते पुस्तकात नव्हतं. मी मनाने रचलं. त्याने खरं धरलं."

मुक्ता म्हणाली, "त्यांना ठावं व्हतं की."

"काय?"

"तुमी मनानं सांगताय ते. शेवटी शेवटी तुमी पानबी उलटत नव्हता, म्हनले मला. हसायचे. म्हनायचे, मास्तर माझ्यासाठी बसून रचतोय, रचू दे." तिने पदराने तोंड पुसलं. "ते खिडकीत बसायचे, येईल येईल करायचे. मी एक दिवस इचारलं, कोन येईल? भावजी? तर म्हनले, त्यो कशाला येतोय. मास्तर येईल. ज्यानं रचलंय त्यो आल्याबिगर ऱ्हाईल का?"

समोरच्या दारातून एक मुलगा कानाला फोन लावून बाहेर आला, आमच्या मधून वाट काढत खाली उतरला. तो जाईपर्यंत आम्ही तिघं बाजूला सरून उभे होतो.

"मी पोराच्या चोरून दार नुसतं लोटून ठेवायचे," मुक्ता म्हणाली. "कडी लावत नव्हते. तुमी आला का न्हाई, भाऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला ते खरंच कळलं नव्हतं आणि ते सांगू शकेल असा एकच माणूस तिच्यासमोर उभा होता. ती थांबली. थोड्या वेळाने आतून सार्थकने हाक मारली आणि ती आत गेली, आणि आम्ही आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला.